क्वांटम डॉटमधलं इलेक्ट्रॉन-होल एक्सचेंज: ४ केल्विनला लाइफटाइम इतका कमी का?

ऐरोली_पीएल

कॅडमियम सेलेनाइडचे कोलॉइडल डॉट आहेत, म्हणजे द्रावणात बनवलेले काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक. पहिलं शोषण-शिखर ५५० नॅनोमीटरला, म्हणजे व्यास ३ नॅनोमीटरच्या आसपास. काचेच्या स्लाइडवर ड्रॉप-कास्ट फिल्म, क्लोज्ड-सायकल क्रायोस्टॅट, ४०५ नॅनोमीटरचा पल्स्ड डायोड लेसर ५ मेगाहर्ट्झवर आणि टीसीएसपीसी (एकेका फोटॉनची वेळ नोंदवणारी मोजणी). लाइफटाइम (चमक विझायला लागणारा वेळ) असे मिळतात: ३०० केल्विनला २३ नॅनोसेकंद, ७७ ला ३१, २० ला ७०, १० ला ८८ आणि ४ ला ९२.

पेपरांत ४ केल्विनला मायक्रोसेकंदाच्या घरातले आकडे दिसतात. ब्राइट-डार्क अंतरही (चमकणारी आणि जवळजवळ न चमकणारी अवस्था यांच्यातलं ऊर्जेचं अंतर) या आकाराला १० मिली-ईव्हीच्या जवळपास दाखवतात, माझं फिट मात्र ५-६ वर थांबतं. सँपल खराब, की मोजणीत गडबड?

दुसरा प्रश्न जरा बाळबोध वाटेल. एक्सचेंज समान कणांमध्ये होतं असं शिकलो. इलेक्ट्रॉन आणि होल तर वेगळे, एक कंडक्शन बँडमध्ये, दुसरा व्हॅलन्समध्ये. मग त्यांच्यात एक्सचेंज कुठून आलं? आणि ते डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने भागायचं की नाही?

खारेगाव_खाडी

दुसरा प्रश्न आधी घेतो.

होल हा स्वतंत्र कण नाही. भरलेल्या बँडमधून एक इलेक्ट्रॉन काढला की उरलेल्या सगळ्यांचा हिशेब सोपा करायला आपण ते नाव देतो. खाली एन वजा एक इलेक्ट्रॉन आणि वर एक, हे सगळे समानच कण. त्यांची अँटिसिमेट्रिक वेव्हफंक्शन लिहून कूलॉम ऊर्जा काढली की दोन पदं उरतात. पहिल्यात इलेक्ट्रॉनची घनता आणि होलची घनता समोरासमोर येतात. हे नेहमीचं आकर्षण, एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन-होलची जोडी) बांधून ठेवणारं. दुसऱ्यात एकाच बिंदूवरचा दोन्ही वेव्हफंक्शनचा गुणाकार येतो, आणि तसाच गुणाकार दुसऱ्या बिंदूवर. या गुणाकाराला ट्रान्झिशन डेन्सिटी म्हणतात. प्रकाश शोषताना जी हेलकावते तीच ही. दुसरं पद म्हणजे या डेन्सिटीची स्वतःशी असलेली कूलॉम ऊर्जा, आणि ती धन असते.

यातून दोन गोष्टी लगेच सुटतात. ट्रिपलेटमध्ये, म्हणजे डार्क अवस्थेत, स्पिनमुळे ट्रान्झिशन डेन्सिटी शून्य होते, म्हणून त्याच्यावर या पदाचा परिणामच नाही. सिंगलेट, म्हणजे ब्राइट, एक्सचेंज इंटिग्रलच्या दुप्पट वर जातो. म्हणजे डार्क अवस्था खाली ढकलली जात नाही, ब्राइट वर उचलली जाते. ज्या कारणाने अवस्था चमकते त्याच कारणाने ती महाग पडते. दुसरी गोष्ट: दोन्ही वेव्हफंक्शन ऑर्थोगोनल असल्यामुळे ट्रान्झिशन डेन्सिटीचा एकूण चार्ज शून्य असतो. त्यामुळे लांबवर उरतो फक्त डायपोल. लाँग-रेंज एक्सचेंज म्हणतात ते हेच, आणि एकाच युनिट सेलच्या आतला हिस्सा म्हणजे शॉर्ट-रेंज.

समान कणांचा हट्ट धरायचा नसेल तर पॉझिट्रोनियम (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची बांधलेली जोडी) बघा. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन खरोखरच वेगळे कण आहेत, तरी ऑर्थो (स्पिन समांतर) आणि पॅरा (स्पिन विरुद्ध) यांच्यातल्या २०३.४ गिगाहर्ट्झ अंतरापैकी सात भागांतले तीन आभासी विलोपनातून येतात: जोडी क्षणभर फोटॉन होते आणि पुन्हा जोडी होते. एक्सायटॉनमधलं एक्सचेंज हे त्याचंच भावंड. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडतो आणि दुसरीकडे नवी जोडी उठते.

किती मोठं असतं ते दोघं किती जागेत कोंबले आहेत त्यावर ठरतं. अँथ्रासीनच्या रेणूत सिंगलेट ३.३ ईव्हीला, ट्रिपलेट १.८ ला, म्हणजे दीड ईव्हीचं अंतर. बल्क कॅडमियम सेलेनाइडमध्ये एक्सायटॉन त्रिज्या ५.६ नॅनोमीटर आणि एक्सचेंजमुळे पडणारी फट जेमतेम ०.१३ मिली-ईव्ही. दहा हजारपटीहून जास्त फरक. डॉटमध्ये कोंबलं की एक्सचेंज त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, म्हणजे त्रिज्या निम्मी केली तर आठपट.

घणसोली_बँडगॅप

भागायचं का, त्याबद्दल: हो, भागायचं. घन पदार्थात प्रत्येक कूलॉम पद एप्सिलॉनने, म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने, भागलं जातं, एक्सचेंजला वेगळी सूट कशाला?

खारेगाव_खाडी

नाही, इथे सरसकट भागलं की आकडा पार बिघडतो. बेथे-साल्पीटर समीकरणात (एक्सायटॉनची ऊर्जा त्यातून काढतात) आकर्षणाच्या पदात स्क्रीन केलेला, म्हणजे आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांनी क्षीण केलेला, कूलॉम येतो आणि एक्सचेंजच्या पदात बिनस्क्रीनचा. कारण एक्सचेंज पद स्वतःच बाकीच्या बँडमधल्या जोड्यांशी सांगड घालतं, म्हणजे स्क्रीनिंग तिथूनच तयार होतं. दोन्हीकडे भागलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली.

तुमचं म्हणणं एका मर्यादेत खरं आहे. इफेक्टिव्ह मास मॉडेलमध्ये आपण दोन-चारच बँड ठेवतो. टाकून दिलेल्या बँडचं स्क्रीनिंग मग हाताने घालावं लागतं, आणि ते लाँग-रेंज भागात उच्च वारंवारतेच्या एप्सिलॉनने घालतात. कॅडमियम सेलेनाइडला तो ६ च्या आसपास. शॉर्ट-रेंजचं गणित तर कोणी मुळापासून करतच नाही. बल्कवर मोजलेला ०.१३ घ्यायचा आणि वेव्हफंक्शनच्या ओव्हरलॅपने वर न्यायचा. मोजलेल्या आकड्यात जे काही स्क्रीनिंग असायचं ते आलेलंच असतं. त्यालाही ६ ने भागणारे दिसतात, म्हणून इतकं लांबण लावलं.

महापे_क्रायो

पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सँपलला दोष देण्याआधी लेसरचा दर बघा. ५ मेगाहर्ट्झ म्हणजे दोन पल्समध्ये २०० नॅनोसेकंद. खरा लाइफटाइम १ मायक्रोसेकंद असेल तर एवढ्या वेळात तो फक्त १८ टक्के उतरतो. आधीच्या पल्सचे उरलेले एक्सायटॉन पुढच्यात मिसळतात आणि साचत जातात. हिशेब केला तर पल्सनंतर लगेच पातळी एका पल्सच्या ५.५ पट असते आणि पुढच्या पल्सच्या तोंडावर ४.५ पट. म्हणजे सगळा डार्क एक्सायटॉन तुमच्या आलेखात किंचित उतरता पाया म्हणून बसला आहे. फिटचं सॉफ्टवेअर त्याला बॅकग्राउंड समजून वजा करतं आणि वर उरलेल्या तुकड्याला लाइफटाइम म्हणतं. ९२ नॅनोसेकंद तिथून आले.

तपासायला दोन मिनिटं लागतात. आलेखात पल्सच्या आधीचे चॅनल बघा, मग लेसर झाकून तेवढाच वेळ डिटेक्टरचे डार्क काउंट घ्या. पल्सआधीची पातळी त्याच्या कितीतरी पट वर असेल तर घडी पडली आहे, म्हणजे आधीच्या पल्सचा शेपूट पुढच्यात आला आहे.

त्यातून आणखी एक भानगड होते. पल्समागे सरासरी ०.०५ एक्सायटॉन टाकतोय म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. साचून ते ०.२८ वर जातं. मग काही डॉटमध्ये दोन-दोन एक्सायटॉन, त्यातून ऑजे (एकाची ऊर्जा प्रकाशाऐवजी दुसऱ्याला जाणं), आणि सुरुवातीला एक तीव्र उतार. तो पाहून लोक सरफेस ट्रॅपचा (पृष्ठभागावरच्या दोषांचा) अहवाल लिहून मोकळे होतात.

ड्रायव्हरवर दर १०० किलोहर्ट्झला आणा, म्हणजे १० मायक्रोसेकंदाची खिडकी मिळेल. आता काउंट-रेटची सवय बदलावी लागेल. पाइल-अप (एका पल्समागे पहिलाच फोटॉन मोजला जाऊन नंतरचे हुकणं) टाळायला दराच्या १ टक्का हा जुना नियम धरला तर सेकंदाला फक्त १००० काउंट. ४०९६ चॅनल, प्रत्येकी २.४४ नॅनोसेकंद, शिखरावर १०,००० काउंट हवेत, तर एकूण ४१ लाख काउंट लागतात: सवा तासाला थोडं कमी, तेही एका तापमानाला. कार्ड मल्टी-स्टॉप प्रकारचं (एका पल्समागे अनेक फोटॉन नोंदणारं) असेल तर ५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, कारण मर्यादा डेड-टाइमची (एका फोटॉननंतर मोजणी बंद असते तो वेळ) असते आणि तो १०० नॅनोसेकंदाच्या आसपास असतो, तर तुमचे फोटॉन मायक्रोसेकंदभर पसरलेले आहेत. मग सवा तासाऐवजी पंधरा मिनिटांत काम होतं.

ड्रॉप-कास्ट फिल्मबद्दलही बोलायला हवं. डॉट एकमेकांना चिकटून असले की लहान डॉट आपली ऊर्जा मोठ्याला देऊन टाकतो. निळ्या बाजूला लाइफटाइम खोटा कमी, लाल बाजूला खोटा जास्त दिसतो. पीएमएमएमध्ये (पारदर्शक प्लास्टिक) पातळ मिसळून स्पिन-कोट करा. फिल्मचं शोषण पहिल्या शिखराला ०.०५ च्या आत असू द्या.

ऐरोली_पीएल

पल्सआधीची पातळी डार्क काउंटच्या शंभरपटीहून वर निघाली. १०० किलोहर्ट्झ आणि पीएमएमए केल्यावर ४ केल्विनला ०.९५ मायक्रोसेकंद, १० ला ०.६, २० ला ०.२, आणि ३०० ला २३ नॅनोसेकंद तसेच. काचेची स्लाइड आणि होल्डर तेच ठेवलेत. फिटमध्ये अंतर अजूनही ४-५ मिली-ईव्हीच. फिटचं सूत्र साधं तीन पातळ्यांचं आहे: परिणामी दर = (डार्कचा दर + ब्राइटचा दर × एक्स) / (१ + एक्स), जिथे एक्स म्हणजे उणे अंतर भागिले केटीचा घातांक, आणि केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान.

महापे_क्रायो

आकडे छान आहेत आणि दुखणं कुठे आहे ते त्यांतच दिसतं. ब्राइटचा दर डार्कच्या साधारण शंभरपट. त्यामुळे एक्स १ टक्क्यावर पोचला की लाइफटाइम निम्मा होतो, म्हणजे अंतर केटीच्या ४.६ पट असताना. अंतर ४ मिली-ईव्ही असेल तर हे १० केल्विनला होतं, अंतर १० असेल तर २५ केल्विनला. खरोखर १० मिली-ईव्ही असतील तर १० केल्विनपर्यंत काहीच हलायला नको, आणि तुमचा आकडा तिथे ०.९५ वरून ०.६ वर आलाय. तर एकतर अंतर लहान आहे, नाहीतर फिल्म १० केल्विनला नाहीच.

माझा संशय दुसऱ्यावर. सेन्सर कोल्ड फिंगरच्या तांब्यात आहे आणि फिल्म काचेवर. खोलीच्या तापमानाची खिडकी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४६ मिलीवॅट उष्णता ओतत असते, त्यापुढे लेसरचे १० मायक्रोवॅट म्हणजे काहीच नाही. ४ केल्विनला काच जवळजवळ उष्णतारोधक, नीलम तिच्या हजारपट चांगला वाहक. फिल्म सेन्सरपेक्षा १५ केल्विनने गरम आहे असं धरून १० मिली-ईव्हीचं सूत्र लावून पाहा. सेन्सर १० ला असताना लाइफटाइम ०.५३ मायक्रोसेकंद येतो, २० ला असताना ०.२५. तुमच्या आकड्यांना जवळजवळ लागतंच.

उपाय म्हणजे नीलमाची चकती, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची. तांब्याचा नवा होल्डर रबाळे किंवा वागळे इस्टेटमधला कोणताही बरा मशिनवाला करून देईल. पितळ देऊ लागला तर नको म्हणा. चकतीखाली क्रायोजेनिक ग्रीसचा अगदी पातळ थर, वरून स्प्रिंगच्या क्लिपा. रेडिएशन शील्डचं भोक किरणापुरतंच ठेवा, ५-६ मिलिमीटर पुरे. दुसरा डायोड सेन्सर चकतीवर फिल्मच्या शेजारी चिकटवा, त्याच्या तारा आधी कोल्ड फिंगरला दोन-चार वेढे देऊन मग वर घ्या. नाहीतर तारांतूनच उष्णता येईल आणि सेन्सर स्वतःचंच तापमान सांगत बसेल.

आपल्याकडच्या हवेचंही बघायला हवं. पावसाळ्यात आतलं व्हॅक्यूम कच्चं असताना थंड करायला घेतलं तर सगळी वाफ आधी नीलमावर गोठते आणि फिल्मवर पांढुरका थर चढतो. टर्बोने ०.००००१ मिलिबारपर्यंत उतरल्याशिवाय कॉम्प्रेसर चालू करू नका. बाहेरून खिडकीवर दव धरत असेल तर कोरड्या नायट्रोजनची बारीक धार सोडा. चिलरचं पाणी २८ अंशांच्या वर गेलं की कॉम्प्रेसर ट्रिप होतो, मे महिन्यात दुपारी हमखास. म्हणून तापमानाचा लॉग काउंटच्या फाइलसोबत घ्या. मधेच ४ वरून १८ केल्विनला जाऊन परत आलेला रन नुसत्या आलेखावरून ओळखता येत नाही, दोन घातांकांचा सुंदर फिट मात्र बसतो.

पारसिक_बोगदा

तापमान सुधारल्यावरही तीन पातळ्यांचं सूत्र ३ नॅनोमीटरच्या डॉटला नीट लागू पडत नाही. तुमच्या मूळ विषयाशी, म्हणजे एक्सचेंजशी, याचा थेट संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इलेक्ट्रॉनचा स्पिन अर्धा, होलचा कोनीय संवेग ३/२, म्हणून एकूण आठ अवस्था. नुसतं एक्सचेंज लावलं तर त्यांचे दोन गट होतात: एकूण संवेग २ असलेल्या पाच खाली, १ असलेल्या तीन वर. फोटॉन एकाच एककाचा संवेग नेतो, म्हणून खालच्या पाचही डार्क. यावर वुर्टझाइट स्फटिकाचं क्रिस्टल-फील्ड (एका अक्षाला वेगळं वागवणाऱ्या रचनेचा परिणाम) चढतं. ते जड होल आणि हलकं होल यांच्यात बल्कमध्ये २५ मिली-ईव्हीचं अंतर पाडतं. दोन्ही एकत्र घेतल्यावर पाच पातळ्या (आकडा म्हणजे स्फटिकाच्या अक्षावरचा संवेग): ±२, खालची ±१, खालची ०, वरची ±१ आणि वरची ०. सर्वांत खाली ±२, डार्क. त्यावर खालची ±१, जिला फिटमध्ये ब्राइट म्हणतात. इफ्रोस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे चित्र मांडलं. त्याआधी १९९५ मध्ये निर्मल आणि सहकाऱ्यांनी डार्क एक्सायटॉन चुंबकीय क्षेत्र लावून दाखवला होता.

आता आकार बदलून बघा. मोठ्या डॉटमध्ये क्रिस्टल-फील्ड मोठं, एक्सचेंज लहान. तिथे ±२ आणि खालची ±१ या दोन्ही जड होलच्याच अवस्था, आणि त्यांच्यातलं अंतर शुद्ध एक्सचेंज. त्रिज्येच्या घनाचा नियम तिथे चालतो. लहान डॉटमध्ये उलटं होतं. एक्सचेंज इतकं वाढतं की खालची ±१ संवेग २ च्या गटात जाऊन बसते. एकाच गटातल्या दोन अवस्थांमध्ये एक्सचेंज अंतर पाडत नाही, तिथे पाडतं ते क्रिस्टल-फील्ड. ±२ पूर्ण जड होलची. खालच्या ±१ मध्ये हलक्या होलचा हिस्सा ३/४, जडाचा १/४. जडाला उणे १२.५ आणि हलक्याला अधिक १२.५ दिले तर ±२ उणे १२.५ वर आणि ±१ अधिक ६.२५ वर. फरक १८.७५ मिली-ईव्ही, म्हणजे क्रिस्टल-फील्डचा पाऊण भाग. डॉट कितीही लहान करा, गोलाकार राहिला तर अंतर याच्या पुढे जात नाही. तुमचा ३ नॅनोमीटरचा डॉट या दोन टोकांच्या मधे आहे. म्हणून फिटमधून आलेल्या आकड्याला सरळ एक्सचेंज ऊर्जा म्हणू नका. एक्सचेंज, क्रिस्टल-फील्ड आणि डॉटचा लांबटपणा, तिघांची ती खिचडी आहे.

दुसरा परिणाम फिटलाच बाधतो. खालची ±१ संवेग २ च्या गटात शिरत गेली की तिची चमकही जाते. ती ताकद वरच्या ±१ कडे सरकते. मग ३०० केल्विनचे २३ नॅनोसेकंद वापरून ब्राइटचा दर ठरवला, तर त्यात वरच्या पातळ्यांचाही वाटा येतो, कारण तिथे केटी २६ मिली-ईव्ही आहे. तोच दर २० केल्विनला खालच्या ±१ ला लावला की ती आहे त्याहून जास्त चमकदार धरली जाते, आणि फिट अंतर चुकवून भरपाई करतं. फिटमध्ये पाचही पातळ्या घाला, त्यांची ताकद मॉडेलमधून घ्या, मोकळे ठेवा फक्त दोन आकडे: एक्सचेंज आणि डार्कचा दर. तापमानं ४ ते ३०० मध्ये निदान बारा, त्यांतली निम्मी ४० च्या खाली.

घणसोली_बँडगॅप

लाइफटाइममधून अंतर काढण्याचा आग्रह कशाला? सरळ रेझोनंट स्टोक्स शिफ्ट मोजावी. लेसर शोषणाच्या लाल कडेला लावा, सर्वांत मोठे डॉटच उत्तेजित होतात, आणि उत्सर्जन लेसरपासून जितकं सरकतं तितकं अंतर. ४०५ वरून मारलं तर सगळे आकार एकदम पेटतात. पाच टक्के आकारभेद असला तरी पट्टा ८० मिली-ईव्हीहून रुंद होतो, त्यात १० कुठून दिसणार?

पारसिक_बोगदा

पद्धत बरोबर आहे, अडचण लेसरच्या विखुरण्याची. ५७० नॅनोमीटरजवळ १० मिली-ईव्ही म्हणजे फक्त २.६ नॅनोमीटर. साधा नॉच फिल्टर एवढ्या जवळचं उत्सर्जनही खाऊन टाकतो. पण डार्क एक्सायटॉन मायक्रोसेकंदभर जगतो, हे इथे फायद्याचं आहे. पल्सनंतर ५० नॅनोसेकंद जाऊ द्या आणि मग गेट उघडा. विखुरलेला लेसर तोवर संपलेला असतो, ब्राइट तर ४ केल्विनला नॅनोसेकंदाच्या आतच डार्कमध्ये उतरलेला असतो. गेट नसेल तर मुख्य रेषेचा नाद सोडा आणि एलओ फोनॉनची प्रतिकृती (स्फटिकाच्या कंपनाला ऊर्जा देऊन लाल बाजूला सरकलेली रेषा) बघा. डार्कचं उत्सर्जन फोनॉनच्या मदतीनेच होतं, त्यामुळे ती ठळक असते. ती लेसरपासून ३६ मिली-ईव्हीवर दिसली, तर २६ फोनॉनचे वजा करा, उरलेले १० तुमचे.

हा आकडा आणि पाच पातळ्यांच्या फिटमधला आकडा जुळले तर उत्तम. लाइफटाइमचा आकडा कमीच येत राहिला, १-३ मिली-ईव्हीच्या घरात, तर दराचा लॉगरिदम विरुद्ध १/तापमान असा आलेख काढा. दोन वेगळे उतार दिसले तर खालच्या तापमानाचा उतार बहुधा डॉटमध्ये कोंडलेल्या अकॉस्टिक फोनॉनचा, ब्राइट पातळीचा नाही. पृष्ठभागावरच्या तुटलेल्या बंधांचे स्पिन डार्क अवस्थेला थोडी चमक देतात असंही एक मत आहे, आणि यावर अजून वाद चालू आहे. चुंबक हाताशी असेल तर काही टेस्ला लावून ४ केल्विनचा लाइफटाइम परत घ्या. क्षेत्र ±१ ला ±२ मध्ये मिसळतं. ०.९५ मायक्रोसेकंद स्पष्ट कमी झाला आणि मुख्य रेषा प्रतिकृतीच्या तुलनेत वाढली, तर ती डार्क एक्सायटॉनच. ट्रॅपचं लांबट उत्सर्जन असं वागत नाही.

वाशी_जीएएस

एक पुरवणी. हेच इंडियम आर्सेनाइडच्या एपिटॅक्सियल (दुसऱ्या स्फटिकावर थरांत वाढवलेल्या) डॉटला करायला जाऊ नका. तिथे ब्राइट-डार्क अंतर मिली-ईव्हीच्याही आत, काहीशे मायक्रो-ईव्ही. ४ केल्विनलाच केटी ०.३४ मिली-ईव्ही आहे, त्यामुळे तापमानाच्या फिटमधून काहीच हाती लागत नाही. त्या डॉटमध्ये लोक डोकं लावतात ते ब्राइटच्या दोन अवस्थांमधल्या दहा-वीस मायक्रो-ईव्हींवर. डॉटचा आकार गोल नसला की लाँग-रेंज एक्सचेंज त्या दोघींना फोडतं. एंटँगल्ड फोटॉन हवे असतील तर ही फूट नैसर्गिक रेषारुंदीच्या आत आणावी लागते, आणि १ नॅनोसेकंद लाइफटाइमला ती ०.६६ मायक्रो-ईव्ही. मोजायला हाफ-वेव्ह प्लेट फिरवत रेषेच्या मध्याची डोलणी काढतात, स्पेक्ट्रोमीटरचं रिझोल्यूशन त्याहून जाडं असलं तरी चालतं.

ऐरोली_पीएल

नीलमाची चकती आणि दुसरा सेन्सर आधी बसवतो, पाच पातळ्यांचं फिट त्यानंतर. ५० नॅनोसेकंदांचं गेट टाइम-टॅग फाइलमधूनच मागाहून लावता येईल ना, की त्यासाठी हार्डवेअर गेट लागेल?

महापे_क्रायो

फाइलमधून लावलं तर चालतं, पण लेसरचं विखुरणं जोरात असेल तर डिटेक्टर प्रत्येक पल्सला त्यावरच डेड-टाइममध्ये जातो आणि ५० ते १०० नॅनोसेकंदांमधले खरे फोटॉन हुकतात. त्यात आफ्टरपल्सिंगचा (डिटेक्टर स्वतःच मागाहून देतो ते काउंट) खोटा शेपूटही येतो. आधी रिकाम्या चकतीवर, डॉट नसताना, त्याच मांडणीत एक रन घ्या. ५० नॅनोसेकंदांनंतर त्यात डार्क काउंटखेरीज काही नसेल तर हार्डवेअर गेटवर पैसे घालू नका.